वेस्टर्न ट्रेल क्लासमध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

ट्रेल क्लास ही वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांच्या पद्धतीच्या घोडेस्वारीतली एक स्पर्धा. तिला घड्याळ नसतं, गाय नसते, दोर फेकायचा नसतो. घोडा रिंगणात येतो, जमिनीवर मांडलेल्या लाकडी दांड्यांवरून, पुलावरून, फाटकातून जातो आणि बाहेर पडतो. वेस्टर्न खोगिरावर नुकतीच मांड बसलेल्या माणसाला वाटतं, स्पर्धेत उतरायचं तर इथूनच उतरावं. उतरावंच. नवख्या स्वारासाठी आणि त्याच्या घोड्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. फक्त एक गोष्ट समजून उतरावं: अडथळा पार झाला एवढ्यावर इथे गुण मिळत नाहीत. चारही पाय कुठे पडले, किती शांतपणे पडले आणि स्वाराला त्यासाठी किती कमी खटपट करावी लागली, याचे ते गुण असतात.

टेक्सासमधल्या छोट्या शोंमध्ये मी परीक्षकांशेजारी बसून गुणपत्रक लिहिते. तिथून सगळ्यात ठळक दिसतं ते हे, की दांड्याला खूर लागतो तेव्हा चूक त्या दांड्यावर झालेली नसते, ती चार पावलं आधीच झालेली असते. घोडा वाकडा आलेला असतो, घाईत आलेला असतो, नाहीतर स्वाराने ऐनवेळी लगाम आवळलेला असतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या चार पावलांबद्दल आहे.

इथले नियम आणि मापं अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनची, म्हणजे एक्यूएचएची आहेत. ही संघटना १९४० साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय टेक्सासमधल्या अमरिलोला आहे. पेंट आणि अ‍ॅपलूसा घोड्यांच्या संघटनाही ट्रेल क्लास घेतात, गावोगावचे खुले शोही घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी नियमांचा साचा साधारण असाच असतो. तरी ज्या शोमध्ये जाणार त्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक स्वतः वाचा. एक्यूएचएचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि त्यातलं ट्रेलचं प्रकरण एका बैठकीत वाचून होतं.

आधी गुणपत्रक समजून घ्या

प्रत्येक स्वार ७० गुण घेऊन रिंगणात येतो. ७० म्हणजे सर्वसाधारण, बरोबर झालेली फेरी. मग प्रत्येक अडथळ्याला परीक्षक उणे दीडपासून अधिक दीडपर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी गुण देतात. शून्य म्हणजे अडथळा बरोबर झाला, त्यात खास काही नव्हतं. अधिक अर्धा म्हणजे चांगला. दंडाचे गुण याशिवाय वेगळे वजा होतात, आणि नवखे स्वार हरतात ते या दंडांमुळे.

दांड्याला खूर नुसता घासला तर अर्धा गुण जातो. दांड्यावर पाय पडला किंवा दांडा जोरात लागला तर एक. साध्या चालीत किंवा जॉगमध्ये (म्हणजे संथ दुडकीत) दोन पावलांपर्यंत लय तुटली तर एक, त्याहून जास्त तुटली तर तीन. लोपमध्ये (म्हणजे संथ, झेपांच्या दौडीत) लय तुटली किंवा घोडा चुकीचा पाय आघाडीला ठेवून गेला तरी तीन. उचलून ठेवलेला दांडा किंवा शंकू पाडला तर तीन. पुलावरून किंवा दांड्यांच्या गल्लीतून एक पाय बाहेर पडला तर तीन, एकापेक्षा जास्त पडले तर पाच. फाटक हातातून सुटलं, हातात न्यायची वस्तू पडली, घोडा अडला किंवा अडथळा टाळून बाजूने निघाला, स्वाराने खोगीर धरलं, तर प्रत्येकी पाच. अडण्याची बेरीज पूर्ण फेरीभर चालू राहते, आणि तिसऱ्यांदा अडला की त्या फेरीत नंबराची आशा संपते.

हिशेब करून पाहा. समजा आठ अडथळे आहेत. पाच ठीकठाक झाले, दोन चांगले झाले, एक थोडा कच्चा राहिला. ७० अधिक एक, उणे अर्धा, म्हणजे साडेसत्तर. त्यातून दोनदा खूर घासला, एकदा दांड्यावर पाय पडला, म्हणजे आणखी दोन गेले आणि साडेअडुसष्ट उरले. नवख्या क्लासमध्ये ही लाजण्यासारखी फेरी मुळीच नाही. पण याच फेरीत पुलापाशी घोडा एकदा अडला असता तर साडेत्रेसष्ट झाले असते. म्हणून पहिल्या वर्षी दिमाखाच्या मागे लागू नका. पाच गुणांचे दंड टाळा आणि घासाघाशीचे अर्धे-अर्धे गुण जाऊ द्या.

वेगाचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सफाईने, थोड्या गतीने अडथळे घेणाऱ्या घोड्याला नियमांप्रमाणे श्रेय मिळतं, पण काळजीपूर्वक पाय टाकणं सुटता कामा नये, हीही अट त्याच वाक्यात आहे. पहिल्या हंगामात ही अट तेवढी ध्यानात ठेवा.

कुठला क्लास निवडायचा

लोप अजून पक्की नसेल तर वॉक-ट्रॉट क्लास घ्या. त्यात लोपचे दांडे नसतात. एक्यूएचएमध्ये नवख्यांसाठी रूकी आणि लेव्हल वन असे वेगळे गट आहेत. अनुभवी लोकांबरोबर एकाच क्लासमध्ये उतरण्याची गरज नाही. रँच ट्रेल हा याच घरातला दुसरा प्रकार. त्यात अडथळे रानातल्या कामाच्या जवळचे असतात, दोराने ओंडका ओढण्यासारखं कामही येऊ शकतं, आणि चांदीने मढवलेलं खोगीर किंवा आयाळीची सजावट तिथे अपेक्षित नसते. घोडा अंगाने मोकळा, लांब ढांग टाकणारा असेल आणि झगमगाटावर खर्च करायचा नसेल, तर रँच ट्रेलपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

घोड्याबद्दल थोडंच सांगते. शांत, वयाने पोक्त, अडथळे पाहिलेला घोडा भाड्याने किंवा लीजवर मिळत असेल तर तरुण, देखण्या, महागड्या घोड्याचा मोह सोडा. दोघांपैकी एकाला तरी काम माहीत असलं पाहिजे. वस्तू दिसली की मान खाली घालून निरखून पाहणारा घोडा मला आवडतो. तो बुजत नाही, तो विचार करतो.

लगाम आणि हात

पाच वर्षांपर्यंतचा घोडा ज्युनिअर धरला जातो. त्याला स्नॅफल (साधी, सौम्य कडियाळी) किंवा बोसाल (तोंडात काही न घालता नाकावर बसणारा पट्टा) घालून दोन्ही हातांनी लगाम धरता येतो. सहा वर्षांपासून पुढचा घोडा सीनिअर, त्याला कर्ब बिट (तरफेसारख्या दांड्यांची कडियाळी) आणि एकच हात. सुट्या लगामांमध्ये फक्त एक बोट घालायची मुभा आहे. दुसरं बोट गेलं, दुसरा हात लगामाला लागला किंवा विनाकारण हात बदलला, की फेरी शून्य. फाटकासारख्या अडथळ्यासाठी हात बदलायला परवानगी असते. तो बदल सरावात इतका पक्का करा की रिंगणात विचार करावा लागू नये.

मुंबईत अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये किंवा पुण्यात इंग्लिश खोगिरावर शिकून आलेल्यांना इथे बराच काळ अडखळायला होतं. दोन्ही हातांत लगाम, घोड्याच्या तोंडाशी सतत हलका संपर्क, दुडकीत रिकिबीवर उठ-बस, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. वेस्टर्नमध्ये लगाम ढिला असतो, जॉगमध्ये बसून राहायचं असतं आणि घोडा मानेला टेकलेल्या लगामावर वळतो. तुमची मांड आणि तोल आधीच तयार आहे, ती पुंजी मोठी आहे. सोडायची आहे ती फक्त हाताची सवय. एक हात मांडीवर ठेवून रोज थोडा वेळ नुसती वर्तुळं आणि आठचे आकडे काढा.

दांडा मांडण्याआधी

ट्रेलचे सगळे अडथळे पाच-सहा हालचालींतून तयार झालेले आहेत: थांबणं, मागे जाणं, पुढचे खांदे बाजूला नेणं, पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग) बाजूला नेणं, पूर्ण अंगाने बाजूला सरकणं, आणि सरळ चालणं. शेवटची सर्वांत अवघड. मोकळ्या मैदानात एक पाऊल मागा आणि एकच घ्या. दोन मागे जा, थांबा, लगाम सोडा. पुठ्ठा एक पाऊल उजवीकडे सरकवा आणि लगेच पोटरी काढून घ्या. घोड्याने मागितल्यापेक्षा जास्त पावलं टाकली तर ती चुकीचीच, कितीही सुंदर असली तरी. ट्रेलमध्ये एका जास्तीच्या पावलाने घोडा गल्लीबाहेर जातो.

ही एक-एक पावलाची भाषा जमिनीवर उभं राहून, हातात दोरी धरून शिकवता येते आणि तशीच आधी शिकवावी. घोड्याला तुमचं वजन सांभाळायचं नसतं, तुम्हाला त्याचे पाय दिसतात, आणि दोघांचाही धीर टिकतो.

घोड्याला काय दिसतं हे इथे समजून घ्यायला हवं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळ आणि नाकाखाली त्याला दिसत नाही. पायाखाली येणारा दांडा त्याला चार पावलांवरून दिसलेला असतो आणि ऐनवेळी तो आठवणीवर पाय टाकत असतो. म्हणूनच तो मान खाली घालून पाहू मागतो. ती मान त्याला द्या. नेमक्या त्या क्षणी लगाम वर खेचणारा स्वार त्याचे डोळे झाकतो. रंगांचंही तसंच आहे. घोड्याला निळा आणि पिवळा बरा ओळखता येतो, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. सरावाच्या दांड्यांवर पांढरे पट्टे ओढा, त्याचं काम सोपं होईल.

दांडे

सरावासाठी लाकडीच दांडे घ्या, आठ ते बारा फूट लांब. गोल दांडा पायाखाली फिरतो आणि घोडा पडू शकतो, म्हणून एक बाजू चपटी असलेले घ्या. बागेच्या कडेला लावायची आठ फुटी लाकडं दुकानात मिळतात, ती चांगली चालतात. प्लॅस्टिकच्या पाइपच्या वाट्याला जाऊ नका. ते हलके असतात, फुटतात, आणि एक्यूएचएच्या रिंगणातही त्यांना मनाई आहे.

मापं पाठच करा. चालीच्या दांड्यांमध्ये २० ते २४ इंच, जॉगसाठी तीन ते साडेतीन फूट, लोपसाठी सहा ते सात फूट. दोन दांड्यांमधलं हे अंतर घोड्याच्या एका पावलाचं किंवा एका झेपेचं असतं. चालीच्या २४ इंचांसाठी साधारण दोन बूट एकापुढे एक, जॉगसाठी माणसाची एक लांब ढांग, लोपसाठी दोन. घरी टेप लावून तुमची ढांग नेमकी तीन फुटांची करायला शिका. शोच्या दिवशी टेप घेऊन आत जाता येत नाही, ढांग मात्र बरोबर असते.

आता ती चार पावलं. सुरुवातीला एकच दांडा ठेवा. त्याच्या मधोमध एक खूण करा. लांबूनच त्या खुणेवर नजर ठेवून सरळ या, आणि तीन-चार पावलं उरली की नजर उचलून पलीकडच्या कुंपणावर न्या. खाली पाहत राहिलात तर खांदे पुढे झुकतात, वजन घोड्याच्या पुढच्या पायांवर जातं आणि नेमके तेच पाय त्याला उचलायचे असतात. चाल जी असेल ती दांड्याच्या बऱ्याच आधी ठरलेली असली पाहिजे. जॉग हवा असेल तर वळणातच तो जॉग सापडलेला असावा. दांड्याजवळ येऊन वेग कमी-जास्त करणं म्हणजे घोड्याने मनात मोजलेलं गणित पुसणं.

एक दांडा शांतपणे होऊ लागला की दोन, मग चार. एक्यूएचएच्या ट्रेलमध्ये किमान चार दांड्यांवरून जाणं सक्तीचं आहे. पंख्यासारखे मांडलेले दांडे लवकर शिकवा, कारण ते जवळजवळ प्रत्येक पॅटर्नमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या आखून दिलेल्या क्रमात, सापडतात. त्यांचं अंतर आतल्या टोकाला कमी आणि बाहेरच्या टोकाला जास्त असतं. मापाचं अंतर ज्या रेषेवर आहे तीच रेषा धरायची. आखूड ढांगेच्या घोड्यावर असाल तर एक-दोन बोटं आत सरका, लांब ढांगेच्या घोड्यावर बाहेर. घोडा आत कोसळू लागला तर आतली पोटरी लावा. लगामाने बाहेर ओढलंत तर मान बाहेर जाते आणि खांदा आतच पडतो.

लोपच्या दांड्यांची घाई करू नका. सपाट जमिनीवर एकसारखी, मोजता येईल अशी लोप होत नाही तोवर दांडे शिकवून ती होणार नाही. दांड्यांविनाच मनात झेपा मोजायची सवय लावा.

फाटक

प्रत्येक पॅटर्नमध्ये फाटक असतं. लाकडी असेल किंवा दोन खांबांमधला दोर. नवख्यांचे पाच गुण बहुतेक इथेच जातात, म्हणून याचा क्रम सविस्तर देते. फाटक तुमच्या उजव्या हाताला आहे आणि पलीकडे ढकलून उघडायचं आहे असं धरा.

१. फाटकाला समांतर या. घोड्याचं तोंड कडीच्या बाजूला. कडी तुमच्या उजव्या मांडीपाशी आली की थांबा. हात लांबवून, कमरेतून वाकून कडी गाठावी लागत असेल तर घोडा चुकीच्या जागी उभा आहे. आधी तो सरकवा.

२. लगाम डाव्या हातात. कडी काढा. एक श्वास थांबा. कडीचा आवाज झाला की निघायचं असं घोड्याला कधीही वाटू देऊ नका.

३. फाटक ढकला आणि त्याच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जा. उजवा हात फाटकावरून घसरत राहील, पण सुटणार नाही. घोड्याचा पुठ्ठा आणि तुमचा गुडघा टोकावर आपटणार नाही एवढी जागा ठेवा.

४. आता तुम्ही पलीकडे आहात, तोंड उलट दिशेला, फाटक अजून उजवीकडेच. डावी पोटरी लावून घोड्याला उजवीकडे सरकवा. त्याच्या सरकण्याने फाटक मिटेल.

५. लागलं तर एक पाऊल मागे येऊन कडी लावा. परत एक श्वास. मग निघा.

घरी हे फाटकाशिवाय सुरू करा. कुंपणाला समांतर उभं राहायचं, हात कुंपणावर ठेवायचा, एक पाऊल पुढे, एक मागे, एक बाजूला, हात न काढता. हे कंटाळवाणं जमलं की खरं फाटक आठवड्याभरात जमतं. दोराच्या फाटकाला आधी घोड्याच्या अंगावर, पायांवर दोर लागू द्यायची सवय हवी.

पूल

पुलाची रुंदी किमान ३६ इंच आणि लांबी सहा फूट सुचवलेली आहे. घोड्याला रुंदीची भीती नसते, टापांच्या आवाजाची असते. पायाखालची जमीन पोकळ वाजते आणि तो दचकतो. जाड प्लायवूडची फळी जमिनीवर सपाट टाका आणि आठवडाभर येता-जाता तीवरून न्या. त्याला हुंगू द्या, एक पाय ठेवून मागे घेऊ द्या. एक पाय ठेवून शांत उभा राहिला तर तिथेच लगाम सोडून त्याला शाबासकी द्या. पण घरीच. रिंगणात हाताने थोपटून शाबासकी देणं किंवा धाक दाखवणं, दोन्हींना पाच गुणांचा दंड आहे.

मागून चाबूक आणि पुढून ओढ, असा पूल कधीही शिकवू नका. त्या दिवशी तो पार होईल, आणि मग प्रत्येक पुलापाशी त्याला चाबूक आठवेल.

मागे जाण्याची गल्ली

एल, यू किंवा व्ही आकाराच्या गल्लीतून मागे जायचं असतं, किंवा तीन खुणांमधून वळत. जमिनीवरच्या दांड्यांमध्ये किमान अंतर २८ इंच, उचललेले असतील तर ३०. सरावाची सुरुवात चार फुटांनी करा आणि दर काही दिवसांनी थोडी अरुंद करा.

कोपऱ्यावरची घाई सगळं बिघडवते. मागचे पाय कोपऱ्याच्या मधोमध येईपर्यंत सरळ मागे जा. थांबा. मग पुठ्ठा वळवा. उजवीकडे न्यायचा तर डावी पोटरी तंगाच्या जरा मागे, एक पाऊल, परत एक पाऊल. पुढचे पायही हळूहळू गल्लीत वळून येतात. अंग सरळ झालं की मगच पुन्हा मागे. एका क्षणाच्या विरामाला दंड नाही. गोंधळून अर्धवट फिरलेल्या घोड्याला तीन आणि पाचचे दंड वाट पाहत असतात. मागे पाहायचं असेल तर एकाच खांद्यावरून, मान वळवून पाहा, कंबर वळवून नाही. दोन्हीकडे आळीपाळीने पाहणाऱ्या स्वाराचं वजन इकडून तिकडे फिरतं आणि घोडा त्या वजनाच्या मागे जातो.

साइडपास, चौकट आणि बाकीचं

दांड्यावर साइडपास करताना, म्हणजे पूर्ण अंगाने बाजूला सरकताना, पुढचे पाय दांड्याच्या पुढे, मागचे मागे. दांडा साधारण तुमच्या टाचेच्या किंचित मागे राहिला तर दोन्हीकडे मोकळी जागा राहते. शिकवताना कुंपणाकडे तोंड करून सरकवा, म्हणजे पुढे पळायची वाट आपोआप बंद होते आणि लगाम ओढावा लागत नाही. खांदा पुढे निघून गेला तर थांबा, पुठ्ठा बरोबरीला येऊ द्या, मग पुढे.

दांड्यांच्या चौकटीत गोल फिरताना घोडा ना पुढच्या पायांवर फिरतो ना मागच्या. दोन्ही टोकं थोडी थोडी हलतात आणि मध्य जागेवर राहतो. खांदा एक पाऊल, पुठ्ठा एक पाऊल, या लयीत फिरा. सरावात आठ फुटी चौकट घ्या आणि पुढे ती लहान करा.

टपालपेटीतून पत्र काढून परत ठेवणं, रेनकोट घालून काढणं असेही अडथळे असतात. त्यांतल्या वस्तूंची ओळख घोड्याला आधी पागेत, दाणा खाताना करून द्या. कागदाची आणि कापडाची सळसळ ओळखीची झाली की काम होतं. टायर, जिवंत प्राणी, कातडी, हलणारे पूल, स्वाराला उतरायला लावणारे अडथळे एक्यूएचएच्या ट्रेलमध्ये चालत नाहीत. त्यांच्या सरावात वेळ घालवू नका.

किती आणि कसा सराव

अडथळ्यांचं काम एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, आठवड्यातून दोन-तीनदा. हुशार घोडा पॅटर्न पाठ करतो आणि मग तुमच्या आधी निघतो. म्हणून मांडणी सतत बदला. फाटकापाशी कधी नुसतं उभं राहून परत फिरा, दांड्यांकडे कधी येऊन बाजूने निघून जा. उरलेले दिवस बाहेर रानात रपेट करा. झाडाचा पडलेला ओंडका, ओढा, खडकाळ उतार रिंगणात नसलेलं बरंच काही शिकवतात.

पाय उचलायला लावण्यासाठी घोड्याच्या नडग्यांवर दांडा मारणारी माणसं तुम्हाला कुठेतरी भेटतील. ते क्रौर्य आहे, नियमांनुसार गुन्हा आहे, आणि त्यातून घाबरलेला घोडा तयार होतो. असा सल्ला मिळाला तर त्या पागेतून आपला घोडा हलवा.

शोचा दिवस

कागदपत्रं आधीच तपासा. अमेरिकेत बहुतेक शोंना कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्ततपासणीचा) निर्दोष अहवाल लागतो, राज्याची सीमा ओलांडायची असेल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो, आणि एक्यूएचए शोला घोड्याची नोंदणी व तुमचं सदस्यत्व. पोशाखात लांब बाह्यांचा कॉलरवाला शर्ट, बूट आणि वेस्टर्न हॅट किंवा हेल्मेट. हेल्मेटला दंड नाही. मुलांना तर हेल्मेटशिवाय खोगिरावर चढूच देऊ नका, बाकी सगळे हॅटमध्ये असले तरी.

पॅटर्न क्लासच्या किमान तासभर आधी लावतात. तो हाताने कागदावर उतरवून घ्या. फोटोतला पॅटर्न डोक्यात जात नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी तीन गोष्टी लिहा: कुठल्या चालीत यायचं, कुठल्या बाजूने शिरायचं, चाल कुठे बदलायची. चालत पाहायची परवानगी असेल तर स्वतःच्या पायांनी चाला आणि घोडा जिथून वळणार तिथूनच वळा. माणूस नकळत कोपरे कापतो. क्रम चुकला तर सुंदर फेरीही वाया जाते. पुढचे स्वार पाहा, पण त्यांच्यामागे जाऊ नका. पहिल्याने चूक केली आणि पुढच्या तिघांनी ती तशीच केली, हे मी रिंगणात पाहिलेलं आहे.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे: न फिरवल्यामुळे. शोच्या सकाळी हे अक्षरशः खरं असतं. रात्रभर अनोळखी ठाणात उभा असलेला घोडा थेट रिंगणात नेऊ नका. भल्या पहाटे त्याला मोकळ्या लगामाने सगळ्या आवारात फिरवा, ध्वज, ध्वनिक्षेपक, मुलांच्या सायकली पाहू द्या. मग थोडा वेळ एक-एक पावलाचं काम, आणि पुरे. दमलेला घोडा पाय उचलत नाही.

रिंगणात शिरल्यावर लगेच पहिल्या अडथळ्यावर चालून जाऊ नका. थांबा, घोड्याचे कान पाहा, स्वतः श्वास सोडा. एखादा दांडा लागला तर तो तिथेच सोडा, कारण पुढच्या अडथळ्याची चार पावलं सुरू झालेली असतात आणि तुमचं लक्ष मागे असेल तर ती कोणीच मोजत नसतं. घोडा अडला तर टाच मारत बसू नका. मान मोकळी करा, त्याला पाहू द्या, सरळ रेषेत ठेवा आणि पोटऱ्यांनी शांतपणे पुढे मागा. पाच गुण गेलेत, ते ओरडून परत येणार नाहीत, पण दुसरे पाच वाचू शकतात.

फेरीनंतर गुणपत्रकं बहुतेक ठिकाणी लावली जातात. आपलं पत्रक नीट वाचा आणि उतरवून घ्या. एकूण गुणांपेक्षा कुठल्या रकान्यात काय गेलं ते पाहा. एकाच चालीच्या दांड्यांवर पुन्हा पुन्हा घास दिसला तर रेषा तपासा. चाल तुटल्याचे दंड असतील तर पुढचे दोन आठवडे दांडे बाजूला ठेवून नुसतं जॉगवर काम करा. मोठे पॅटर्न पाहायचे असतील तर दर नोव्हेंबरात ओक्लाहोमा सिटीत एक्यूएचएचा वर्ल्ड शो भरतो. टिम किमुरा यांच्यासारख्या नामवंत आखणीकारांचे पॅटर्न कागदावर उतरवून त्यातला एखादा तुकडा घरच्या मैदानात मांडून पाहा. आणि जवळच्या शोमध्ये एक दिवस दांडे सरळ करणाऱ्या स्वयंसेवकांत नाव द्या. प्रत्येक फेरीनंतर हललेला दांडा हाताने जागेवर ठेवताना कुठला घोडा कुठून आला होता आणि खूर नेमका कुठे लागला, हे अगदी जवळून कळतं. माणसं कमी असल्याने आयोजक सहसा नाही म्हणत नाहीत.